मुंबई बंदर इंग्रजांनी बांधलं आणि आपण मारलं? जरा थांबा

एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन गेला असेल. म्हणणं थोडक्यात असं: मुंबई म्हणजे कोळ्यांची सात बेटं, बाकी काही नव्हतं, १६६१ ला इंग्रजांना ती हुंड्यात मिळाली, खोल पाणी बघून त्यांनी लगेच सुरतेहून बस्तान हलवलं आणि स्वतःच्या पैशाने बंदर उभारलं, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ते मारून सगळं न्हावा-शेव्याला नेलं. खाली दोन हात जोडलेले. इतक्या चुका इतक्या कमी ओळीत बसवणं ही पण एक कलाच म्हणायची.

"बाकी काही नव्हतं" हे आधी घेऊ. मुंबई बेट लहान होतं, मान्य. पण बंदराचा इतिहास एका बेटापुरता कसा बघणार, आसपासच्या सगळ्या खाड्या धरायला नकोत का? नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना सापडला. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांसाठी लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये सोपारा, कल्याण, चौल ही तिन्ही नावं आहेत, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण-सोपाऱ्याच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख आजही भिंतीवर आहेत. दुकान जुनंच होतं, गल्ला फक्त या खाडीवरून त्या खाडीवर फिरत राहिला.

आता "लगेच". हा शब्द वाचून मला खरंच हसू आलं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या लग्नाचा तह १६६१ चा, पण इथल्या पोर्तुगिजांनी बेट द्यायला साफ नकार दिला, मग ताबा घ्यायला आलेला इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले आणि तिथेच त्यातले बहुतेक मेले, स्वतः शिपमनसुद्धा. प्रत्यक्ष ताबा मिळाला १६६५ ला. तीन वर्षांनी राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकलं. सोन्याची खाण असती तर एवढ्या स्वस्तात कोण सोडेल? कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला यायला १६८७ उजाडलं, आणि दोनच वर्षांत जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला आणि किल्ला सोडून जवळजवळ सगळं बेट त्याने घेतलं.

त्यानंतरची शंभर वर्षं तर फॉरवर्डवाल्याने गाळूनच टाकलीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. पाणी खोल होतं हो, १६६१ लाही तेवढंच खोल होतं, पण माल आणणार कुठून? समुद्रावर आंग्र्यांचं आरमार, १७३९ नंतर वसई-साष्टी मराठ्यांकडे, आणि मागे सह्याद्री उभा. घाटावरचा कापूस खाली यायचा तो बैलांच्या पाठीवर, वाटेत पाऊस लागला की भिजला, धूळ बसली की भाव पडला. मुंबई इलाखा कंपनीला इतका तोट्यात जात होता की १७८८ च्या सुमाराला गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस तो गुंडाळून इथे नुसती वखार ठेवायचं बोलत होता! ठाणं इंग्रजांनी घेतलं १७७४ ला, पेशवाई गेली १८१८ ला, बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० ला आणि त्याच घाटातून रेल्वे १८६३ ला. म्हणजे खोल पाण्याचा पुरेपूर उपयोग व्हायला दोनशे वर्षं लागली, आणि तोही घाट फुटला तेव्हाच झाला.

"स्वतःच्या पैशाने" हा त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा. इंजिनियर बरेचसे त्यांचे होते, ते नाकारायचं कारण नाही. १७५० ची कोरडी गोदीही कंपनीचीच. पण त्या गोदीत जहाजं बांधली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी आणि पुढे त्यांच्या पिढ्यांनी, मलबारी सागवानात. त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. चीन आणि इंग्रजांमधलं युद्ध संपवणारा १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस नावाच्या युद्धनौकेवर झाला ती पण मुंबईचीच. आणि ते युद्ध ज्या अफूवरून झालं ती माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जात होती, जमशेटजी जीजीभाईंसारख्या इथल्या व्यापाऱ्यांनी त्यात गडगंज पैसा केला, तोच पैसा पुढे शहरात मुरला. फॉरवर्डमध्ये अफूचा अ पण नाही. असो.

भाऊचा धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, कुणी इंग्रज साहेब नव्हे. पूर्वेकडची भरणी सुरू केली ती एका खासगी कंपनीने, अमेरिकन यादवीमुळे आलेल्या कापसाच्या तेजीच्या जोरावर, १८६५ ला तेजी फुटली आणि शेवटी सरकारने तिच्याकडून किनारा विकत घेतला. बंदर चालवणारी संस्था, म्हणजे पोर्ट ट्रस्ट, त्यानंतर, १८७३ ला. ससून डॉक १८७५ चा, तोही बगदादी ज्यू घराण्याने बांधलेला, ट्रस्टने मागाहून घेतला. प्रिन्सेस डॉक १८८० चा, तो खणताना चिखलाखाली अख्खं बुडालेलं जंगल सापडलं होतं, झाडं मुळांवर तशीच उभी. (शाळेत हे का शिकवत नाहीत कळत नाही.) ट्रस्टची कर्जं फिटायची ती जहाजांवर आणि मालावर लावलेल्या पट्टीतून, लंडनहून कुणी भेट म्हणून पाठवत नव्हतं. आणि गोण्या वाहणारे कोकणातले नि घाटावरचे, हे सांगायलाच नको.

राहिलं "आपण मारलं". इंदिरा डॉक, म्हणजे १९१४ चा अलेक्झांड्रा डॉक, त्याचं प्रवेशद्वार बघा. आत जायला जलपाश आहे, दोन्ही टोकांना दरवाजे, मधे जहाज घेऊन पाणी वरखाली करायचं. हा जलपाश साडेतीस मीटर रुंद. पनामा कालव्याच्या जुन्या मापाचं कंटेनर जहाज बत्तीस मीटरच्या वर. आता सांगा, कुठल्या मंत्र्याने ते आत घुसवायचं? वर शहराच्या पोटातून ट्रेलर काढायचे, कंटेनर रचायला जागा नाही. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं ते याच खाडीच्या पलीकडच्या काठावर, गुजरातेत किंवा चेन्नईला नाही. त्या भागाची किंमत उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी मोजली, जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्याचाही उल्लेख नाही बरं का.

आणि मेलं म्हणताय ते बंदर अजून जवाहर द्वीपावर कच्च्या तेलाचे टँकर रिकामे करतंय, ते तेल पाइपलाइनने समुद्राखालून तुर्भ्या-माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. फॉरवर्ड लिहिणारा मुंबईचा असेल तर त्याच्या गाडीतलं पेट्रोलही बहुतेक याच मेलेल्या बंदरातून आलंय.