‘ब्रदर्स कारामाझव’ सारांशावर भागवू नका

बाप, मुलं, खून, खटला. ‘ब्रदर्स कारामाझव’ची गोष्ट आता व्हिडिओत काही मिनिटांत ऐकायला मिळते. ज्यांना हे पुस्तक वाचायची इच्छा आहे त्यांना कळकळीनं सांगते, तेवढ्यावर भागवू नका. बारा भाग आहेत आणि वर उपसंहार. सगळं वाचा, लागेल तितका वेळ लागू द्या.

या कादंबरीचा रशियन लेखक दस्तयेवस्की श्रद्धावान ख्रिस्ती होता. तरी देवाविरुद्धची सगळ्यात जोरकस बाजू त्यानं मधल्या भावाच्या, इव्हानच्या तोंडी घातली आहे. निष्पाप लेकरांच्या छळाची किंमत मोजून मिळणारा स्वर्ग मला नको, माझं तिकीट मी परत करतो, असं इव्हान म्हणतो आणि आपण निरुत्तर होतो. लेखकही पुढे वाद घालत बसत नाही. तो आपल्याला माणसं भेटवतो.

त्यातली एक आई मला विसरता येत नाही. तिचं लेकरू गेलंय, तीन वर्षांचं व्हायला तीन महिने कमी होते. ती लांबून मठात आलीय, झोसिमा या वृद्ध साधूपाशी. त्याची इवली पावलं एकदा खोलीत वाजलेली ऐकली तरी पुरे, म्हणते, आणि उराशी जपलेला त्याचा चिमुकला कमरपट्टा काढून दाखवते. झोसिमा आधी नेहमीचंच बोलतो : मूल देवापाशी आहे. नवराही हेच सांगतो, ती म्हणते, पण सांगताना तोही रडतो. तेव्हा झोसिमा म्हणतो, मग रड. शांत होऊ नकोस, रड. फक्त रडताना दर वेळी आठव की तो देवापाशी आहे. समाचाराला गेल्यावर ‘सावरा आता’ यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही. इथं देवावर अढळ विश्वास असलेला म्हातारा दुःखाला पूर्ण जागा देतो.

दस्तयेवस्कीचा मुलगा अल्योशा मे १८७८ मध्ये फेफऱ्यानं गेला, अगदी याच वयाचा. पुढच्या महिन्यात दस्तयेवस्की रशियातल्या ऑप्टिनाच्या मठात आम्व्रोसी या साधूला भेटला. झोसिमाचं ते बोलणं या भेटीतूनच आलं, असं त्याच्या बायकोनं, आन्नानं, आठवणींत लिहिलंय. कादंबरीतल्या धाकट्या भावाचं, झोसिमाच्या शिष्याचं, नावही अल्योशाच.

पुढे झोसिमा मरतो. चमत्काराची वाट बघणाऱ्या लोकांसमोर त्याच्या देहाला दुर्गंधी सुटते आणि अल्योशा आतून कोसळतो. तशाच अवस्थेत तो बदनाम समजल्या जाणाऱ्या ग्रुशेंकाकडे जातो. ती त्याच्या मांडीवर बसते, गुरू गेल्याचं कळताच छातीवर क्रूस काढून चटकन उठते. मग एका दुष्ट म्हातारीनं भिकारणीला दिलेल्या कांद्याची गोष्ट ती त्याला सांगते, तेवढंच त्या म्हातारीचं पुण्य. ही गोष्ट सुटी ऐकली तर बोधकथा वाटेल. शेकडो पानं अल्योशाबरोबर काढली असतील, त्याच्या गुरूवर आपलाही जीव जडला असेल, तरच त्या कांद्यानं त्याला काय दिलं ते पोचतं.

सुरुवातीला रशियन नावांचा गोंधळ होईल, एका कागदावर लिहून ठेवा. इव्हानचा भाग संपला की बरेच जण दमतात. पण त्याच्या मागोमाग येणारा झोसिमाचा संथ भाग गाळू नका. इव्हानला दिलेलं उत्तर तिथून सुरू होतं.