आधी किराण्याची यादी, मग कॅप्सूल

"हृदयासाठी चांगली कॅप्सूल कोणती?" हा प्रश्न हल्ली प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरत असतो. त्याचं उत्तर खाली देतेच. पण आधी घरातले दोन आकडे काढा: महिन्याला तेल किती लागतं आणि मीठ किती संपतं.

चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर हिशेब सरळ आहे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाच लिटरचे झाले ४,५५० ग्रॅम. चौघांत आणि तीस दिवसांत वाटले की माणशी रोज ३८ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला तूप-लोणी धरून २० ते २५ ग्रॅम भरपूर झाले, म्हणजे चौघांना महिन्याला अडीच-तीन लिटर. बाहेरचा वडापाव आणि संध्याकाळचं फरसाण या हिशेबात आलेलंच नाही.

तेल कमी करायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात भाजी करपते आणि घरातले कुरकुरतात. त्याचं कारण असं, की तेल कमी झालं पण आच आणि पद्धत तीच राहिली. फोडणीला डब्यातून धार धरू नका, चहाच्या चमच्याने मोजा. एका चमच्यात साडेचार ग्रॅम तेल मावतं. चौघांच्या भाजीला चार चमचे आणि आमटीला दोन चमचे पुरतात. भाजीवर ताट ठेवून ताटात पाणी घाला आणि मंद आचेवर वाफ काढा. आपल्या आज्या हेच करायच्या.

तेल कोणतं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, काहीही चालेल, आलटून पालटून वापरा. लाकडी घाण्याचं तेल चवीला छान लागतं, पण ग्रॅममागे नऊ कॅलरी त्याच्याही. खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के संपृक्त मेद असतो, म्हणजे एलडीएल हे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या कालवणात वाटलेला ओला नारळ पडतो ती गोष्ट वेगळी. पण एलडीएल वाढलेल्या माणसाने "नैसर्गिक आहे" म्हणून सगळा स्वयंपाक खोबरेलावर नेणं हा शुद्ध वेडेपणा. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारा घातक मेद) २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी त्यातला संपृक्त मेद कुठे गेलेला नाही. तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला घेऊ नका.

मिठाची मर्यादा माणशी रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि लोणचं, पापड, ब्रेड, केचप अजून मोजायचेच आहेत. कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद करा, तिथे ते सगळ्यात कमी जाणवतं. भाजी-आमटीतलं हळूहळू उतरवा आणि लिंबू, आमसूल, कोथिंबीर वाढवा. जीभ काही आठवड्यांत सरावते, एका दिवसात निम्मं केलंत तर मात्र ताटाशेजारी मीठदाणी येणार. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे, आणि बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं.

कमी सोडियमच्या मिठाबद्दल थोडं सविस्तर. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आलं (निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले). फायदा खराच आहे. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

"आम्ही तेल-तूप खातच नाही, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेत" ही तक्रारही नेहमीची. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. ती भात, साखर, मैदा आणि दारूनेही वाढते. उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, वर शेंगदाणे आणि तूप. पोहे सोडायची गरज नाही. पोहे निम्मे घ्या आणि वर मटकीची उसळ घाला.

आता ज्यांचा खरंच उपयोग आहे अशा दोन स्वस्त गोष्टी. पहिली इसबगोल. रोज सुमारे दहा ग्रॅम घेतल्याने एलडीएल पाच ते सात टक्के उतरतं. पूर्ण ग्लासभर पाण्यातून घ्या, कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकू शकतं. एक चमच्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोट फुगतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दुसरी जवस. अख्खं जवस न पचताच बाहेर पडतं, म्हणून भाजून कुटून घ्या. चटणी थोडी थोडी करा, कुटलेलं जवस लवकर खवट होतं. त्यातल्या ओमेगा-३ या मेदाचं शरीरात माशातल्या प्रकारांत रूपांतर फार कमी होतं. त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा खावा, तोही कालवणात. रव्यात घोळवून तेलात बुडवलात तर वर मोजलेल्या तेलाचा हिशेब कोलमडला.

आता माशाच्या तेलाची कॅप्सूल. डबीवर मोठ्या अक्षरांत १००० मिलिग्रॅम असतं. मागची बारीक अक्षरं वाचा. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये इपीए १८० आणि डीएचए १२० (माशातल्या ओमेगा-३चे दोन प्रकार), म्हणजे कामाचं फक्त ३००. सुमारे २६ हजार लोकांना रोज एक ग्रॅम माशाचं तेल देऊन पाहिलं, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटनांत लक्षणीय फरक पडला नाही. ज्या अभ्यासाचा दाखला जाहिराती देतात, त्यात रोज चार ग्रॅम शुद्ध इपीए औषध म्हणून दिलं होतं, तेही स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेत असूनही ट्रायग्लिसराइड चढे असलेल्यांना. शिवाय मोठ्या मात्रेत एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा, धोका वाढतो. २०२२ मध्ये स्टॅटिनची सर्वांत छोट्या मात्रांपैकी एक, रोसुव्हास्टॅटिन पाच मिलिग्रॅम, एकीकडे आणि माशाचं तेल, लसूण, हळद, दालचिनी, रेड यीस्ट राइस (यीस्टने आंबवलेला लाल तांदूळ), प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतला मेदासारखा पदार्थ) दुसरीकडे, अशी २८ दिवसांची तुलना झाली. गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी सहांपैकी एकानेही एलडीएल खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय उतरलं नाही. हळद-लसूण स्वयंपाकात जरूर घाला, पण त्यांच्या कॅप्सूलच्या भरवशावर स्टॅटिन बंद करणाऱ्यांबद्दल मला खरोखर काळजी वाटते.

व्यायामाचं गणित सोपं आहे: आठवड्याला १५० मिनिटं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, मिनिटाला साधारण शंभर पावलं. गप्पा मारत बागेतून दोन फेऱ्या मारणं यात धरू नका. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर रक्तातल्या साखरेलाही फायदा. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी ठेवा: हात न टेकता खुर्चीतून उठबस, दहा-दहाच्या दोन खेपा, मग जिने. जोर लावताना श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम उसळतो. आठवडाभर बसून रविवारी एकदम दोन तास बॅडमिंटन खेळायला उतरणं चाळिशीनंतर धोक्याचं. चढावर छातीत दाटतं, जबडा किंवा डावा हात भरून येतो आणि थांबलं की बरं वाटतं, तर ती ॲसिडिटी समजून इनोवर भागवू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. विश्रांतीतही दुखत राहिलं तर लगेच १०८.

घरी रक्तदाब मोजताना अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात छातीच्या उंचीवर ठेवा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. घरचं वाचन वारंवार १३५/८५च्या वर येत असेल तर दाखवायला हवं. आणि दवाखान्यात जाताना "फक्त बीपीची गोळी चालू आहे" असं सांगू नका. काढे, अर्जुनसालीची पावडर, माशाचं तेल, सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणारे यांनी तर नक्कीच, कारण काही कॅप्सूलनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पालेभाजीने वॉरफेरिनचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून त्यांनी तीही एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर नाही असं न करता रोज साधारण तेवढीच खावी.