वीज गेली हे दिसतं. कधी येणार हे कंपनीनंच सांगायला हवं

वीज, पाणी, फोन पुरवणाऱ्या कंपन्यांवर ‘सेवा बंद पडली तर ग्राहकांना कळवा’ अशी सक्ती नको, असं सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्यात कारणं चार दिली आहेत: सेवा बंद पडल्याचं ग्राहकाला कळतंच, बिघाड सांगून येत नाही, खर्च बिलात चढेल आणि लोक घाबरतील.

पहिलं कारण चटकन पटतं, म्हणूनच ते जास्त घातक आहे. दिवे गेले हे दिसतं, पण किती वेळ जाणार हे घरात बसून कळत नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. दार न उघडलेला फ्रीज साधारण 4 तास थंड राहतो. वीज तासाभरात येणार असेल तर काहीच करायला नको. रात्रभर येणार नसेल तर इन्सुलिनचा साठा कुठे हलवायचा हे लगेच ठरवावं लागतं. घरात कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर असेल तर सिलिंडर कितपत पुरेल याचा हिशेब करावा लागतो. पाण्याच्या बाबतीत तर ‘कळतंच’ हेही खरं नाही. वाहिनीतला दाब उतरला की गळक्या सांध्यांतून घाण पाणी आत शिरू शकतं, आणि नळाला येणारं पाणी दिसायला स्वच्छच असतं. उकळून प्या, हे अशा वेळी कंपनीशिवाय कोण सांगणार?

बिघाड सांगून येत नाही, हे मान्य. पण देखभालीसाठीचा बंद ठरवूनच घेतलेला असतो. ऑस्ट्रेलियात त्यासाठी वीजग्राहकाला किमान 4 कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं. अचानक बिघाड झाला तर तो झाल्यावर कळवा, एवढीच अपेक्षा आहे. भारताच्या 2020च्या वीजग्राहक हक्क नियमांत हेच आहे: तत्काळ एसएमएस, आणि पुरवठा सुरू व्हायचा अंदाजे वेळ. अंदाज चुकला तर सुधारून पाठवावा, त्याबद्दल कुणी राग धरत नाही.

निरोपाचा खर्च किरकोळ आहे. खरं काम आहे ते कोणता ग्राहक कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर, ही नोंद अद्ययावत ठेवण्याचं. पण बिघाड आणि वीजगळती शोधायलाही कंपनीला तीच नोंद लागते.

राहिली घबराट. 8 नोव्हेंबर 2023 रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस या दूरसंचार कंपनीचं जाळं कोसळलं आणि सुमारे 1 कोटी ग्राहक फोन-इंटरनेटविना राहिले. लोक चिडले ते बिघाडाइतकेच कंपनीनं वेळेवर आणि नीट माहिती न दिल्यामुळे. पुढच्याच वर्षी तिथे, सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली तर ग्राहकांना कळवणं दूरसंचार कंपन्यांवर बंधनकारक करणारं मानक आलं. फोनच बंद असेल तर निरोप कसा पोचणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नियमात एसएमएसबरोबर संकेतस्थळ आणि रेडिओही हवा, आणि ज्यांचं उपचाराचं यंत्र विजेवर चालतं त्यांची वेगळी यादी करून त्यांना सर्वांत आधी कळवलं गेलं पाहिजे.