खड्डा की गोठा: माइनक्राफ्टमधील जनावरांविषयी फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

आमच्या आटपाडी तालुक्यातील शाळकरी मुलांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे, आणि माझ्या पुतणीने तो खरा मानून खेळातला तिचा अर्धा उभा राहिलेला गोठा मोडून टाकला, म्हणून हे लिहावे लागत आहे. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) जगात बांधकाम व पशुपालन करण्याच्या संगणकीय खेळातील जनावरांना ऊन-पाऊस लागत नाही, त्यामुळे गोठा ही निव्वळ हौस आहे, एका ब्लॉकचा खड्डा खणून त्यात हवी तेवढी जनावरे कोंबावीत, मेंढ्याही त्यातच ठेवाव्यात, तेही नको असेल तर जनावरे मोकळी सोडावीत, कारण ती नाहीशी होत नाहीत आणि मारली तरी नवी येतात, शिवाय लाकडी गोठा वीज पडून जळतो आणि तो बांधण्यात अख्खा दिवस जातो. यातील एकदोन गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या आधाराने बाकीच्या खपून जातात, हीच खरी अडचण आहे. पुढील आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे आहेत. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे.

ऊन-पावसाचे म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली बांधलेली गाय धापा टाकते, दूध कमी होते, म्हणून छपराची उंची आणि वाऱ्याची दिशा पाहून गोठा बांधावा लागतो. खेळातली गाय मात्र पावसात उभी असो की बर्फात, बादली लावली की भरते, पुन्हा लावली की पुन्हा भरते. पण यावरून गोठाच निरुपयोगी आहे हा निष्कर्ष निघत नाही, कारण खेळातला गोठा हवामानासाठी बांधायचाच नसतो. तो अंधारात जन्मणाऱ्या शत्रूंपासून आणि शिकारी प्राण्यांपासून बचाव म्हणून बांधायचा असतो. अंधाऱ्या जागेत झोंबी आणि क्रीपर हे खेळाडूवर चालून येणारे शत्रू जन्मतात. झोंबी गाईला हात लावत नाही हे खरे, परंतु आवारात जन्मलेला क्रीपर तुम्ही फाटक उघडून आत गेल्यावर तुमच्याजवळ येऊन फुटतो, आणि त्या एका स्फोटात कुंपण व जनावरे दोन्ही जातात. याला उपाय मशालीचा. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या १.१८ आवृत्तीपासून हे प्राणी ब्लॉकचा उजेड शून्य असेल तेथेच जन्मतात. त्यापूर्वी उजेड ७ किंवा त्याहून कमी असला तरी जन्मत असत. मशालीचा उजेड तिच्या जागी १४ असतो आणि प्रत्येक ब्लॉकमागे एकाने घटतो. म्हणजे ९ बाय ९ च्या आवारात मधोमध एक मशाल ठेवली, तर कोपऱ्यातही ६ इतका उजेड पोहोचतो. जुन्या व्हिडिओंमध्ये जागोजागी मशाली रोवलेल्या दिसतात त्या जुन्या नियमामुळे. आज एवढ्या आवाराला एक पुरते. ज्यांना छप्पर हवेच आहे त्यांनी ते खालच्या बाजूला बसणाऱ्या स्लॅबचे, म्हणजे अर्ध्या उंचीच्या ब्लॉकचे करावे, कारण अशा स्लॅबवर हे प्राणी जन्मत नाहीत. पूर्ण ब्लॉकचे छप्पर केले आणि वर उजेड ठेवला नाही, तर रात्री त्या छपरावरच शत्रू उभे राहतात. कोंबड्यांसाठी मात्र मी छप्पर आवश्यकच मानतो. खेळातला कोल्हा कोंबडीवर झेप घेतो आणि त्या झेपेत कुंपण ओलांडू शकतो. आपल्याकडे खुराडे वरून बंद का ठेवतात, त्याचेच हे उत्तर आहे.

एका ब्लॉकच्या खड्ड्यात हवी तेवढी जनावरे ठेवता येतात, हे जावा आवृत्तीपुरते सरळ चूक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या १.११ आवृत्तीपासून एका जागी २४ पेक्षा अधिक प्राणी एकमेकांवर रेटले गेले की त्यांना गुदमरण्याची इजा होते. प्रत्येक इजा ६ गुणांची असते आणि गाईचे आयुष्य १० गुणांचे, त्यामुळे दोन तडाख्यांत गाय मरते. बेडरॉक आवृत्तीत ही मर्यादा नाही, आणि बहुधा तेथील अनुभवावरूनच हा मजकूर लिहिला गेला असावा. खड्ड्याखाली हॉपर (पडलेल्या वस्तू गोळा करणारे नरसाळे) बसवून गुदमरून मरणाऱ्या जनावरांचे मांस व कातडे गोळा करण्याची रचना काही खेळाडू मुद्दाम करतात, हे मला मान्य आहे. पण तेथे जनावर खेळाडूच्या हातून मरत नसल्याने अनुभवाचे गुण मिळत नाहीत, आणि हॉपर नसेल तर पडलेला माल ५ मिनिटांत नाहीसा होतो. तलवार चालवणाऱ्यांसाठी खड्डा आणखी वाईट. जावा आवृत्तीत तलवारीचा आडवा फटका शेजारच्या जनावरांनाही लागतो, त्यामुळे मोठ्या गाईबरोबर वासरेही मरतात, आणि वासरापासून काहीच मिळत नाही. गहू चारून वासरू जन्माला घातल्यावर ते मोठे व्हायला २० मिनिटे लागतात. ती अशी वाया जातात.

उत्पन्नाचा हिशेबही मजकुरात तपासलेला नाही. एका जोडीला पुन्हा वासरू होण्यासाठी ५ मिनिटे थांबावे लागते, मग ती जोडी खड्ड्यात असो की ऐसपैस आवारात. जागा कमी केल्याने हा काळ कमी होत नाही. वासराला गहू चारत राहिले तर दर वेळी उरलेल्या काळाचा दहावा भाग कमी होतो, आणि त्यासाठी वासरू नजरेला वेगळे दिसले पाहिजे व हाताशी आले पाहिजे. आपल्याकडे आता पुष्कळ जण दावण सोडून मुक्त संचार गोठ्याकडे वळले आहेत. खेळातही तीच पद्धत, म्हणजे कुंपणाच्या आत मोकळी जनावरे आणि वासरांना वेगळा कप्पा, हाताळायला सर्वांत सोयीची आहे. मार्च २०२५ मधील १.२१.५ आवृत्तीपासून तर गाई, डुकरे व कोंबड्यांचे थंड आणि उष्ण प्रदेशांतील निराळे प्रकार आले आहेत, आणि पिल्लू आई-बापांपैकी एकाचा प्रकार घेते. खरसुंडीच्या बाजारात खिल्लार पारखून घेणाऱ्यांच्या मुलांना वेगळे कप्पे कशासाठी, हे निराळे सांगायला नको.

मेंढ्यांबद्दलच्या विधानाने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून येथे थोडे थांबतो. मेंढी मारली तर लोकरीचा एकच ब्लॉक मिळतो. कात्रीने कातरली तर १ ते ३ मिळतात आणि मेंढी राहते. परंतु कातरलेली लोकर पुन्हा यायची असेल तर मेंढीला गवत खावे लागते, आणि खाल्लेल्या गवताच्या ब्लॉकची माती होते. दगडी तळाच्या खड्ड्यात मेंढी ठेवली की ती एकदा कातरून घेतल्यावर कायमची बोडकी राहते. माझ्या पुतणीच्या अकरा मेंढ्यांचे नेमके हेच झाले आणि ती त्यांना आजारी समजून बसली होती. मातीवर गवत पुन्हा पसरते ते शेजारच्या गवताच्या ब्लॉकवरून, आणि तेही त्या गवतावर ९ किंवा त्याहून अधिक उजेड असेल तरच. म्हणून मेंढवाड्याला बंद छप्पर घालू नये, किंवा घातलेच तर आत पुरेशा मशाली ठेवाव्यात. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो: कुंपणाचे खांब गवताच्या ब्लॉकवरच उभे करावेत. खांबाखालचे गवत मेंढीला खाता येत नाही आणि खांबातून उजेड अडत नसल्याने ते मरतही नाही, त्यामुळे आतले सारे आवार चरून माती झाले तरी कडेचे गवत शिल्लक राहते आणि तेथून पुन्हा आत सरकते. माडग्याळच्या बाजूचे मेंढपाळ रान चरून झाले की वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचे जाळीचे कुंपण, उचलून पुढच्या शेतात लावतात. खेळात कुंपण हलवावे लागत नाही, कारण या कडेमुळे रानच परत उगवते. गवत खाल्ले की कोकरूही लवकर मोठे होते, हा आणखी एक लाभ खड्ड्यात मिळत नाही.

जनावरे मोकळी सोडण्याविषयी. जावा आवृत्तीत पाळण्याजोगी जनावरे आपोआप नाहीशी होत नाहीत, हे बरोबर आहे. पण ती मरत नाहीत असे नाही. रानटी लांडगा मेंढीवर धावून जातो. आमच्या माळरानावर ज्यांनी लांडग्याने फाडलेले कोकरू पाहिले आहे, त्यांच्या मुलांनी तरी ‘ती कुठे जात नाहीत’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. लांडग्याला कुंपण ओलांडता येत नाही, कारण ते दीड ब्लॉक उंच धरले जाते. मोकळ्या कोंबडीचे अंडेही हाती लागत नाही: ती ५ ते १० मिनिटांनी एक अंडे घालते, आणि उचलले नाही तर तेही ५ मिनिटांत जाते. मारलेल्यांच्या जागी नवी येतात हे म्हणणेही दिशाभूल करणारे आहे. बहुतेक जनावरे तो प्रदेश प्रथम तयार होतो तेव्हाच ठेवली जातात. त्यानंतर नवी येण्याचा वेग फार मंद असतो आणि आसपास पुरेशी जनावरे असली तर येतच नाहीत.

वीज पडून लाकूड पेटू शकते, हे खरे आहे, आणि डुकराजवळ पडली तर ते झोंबी पिगलिन नावाचा वेगळाच प्राणी बनते. त्यासाठी गोठा सोडून देण्याची गरज नाही. १.१७ आवृत्तीपासून तांब्याच्या ३ विटांत लायटनिंग रॉड बनतो. तो गोठ्यापासून काही अंतरावर, दगडी खांबावर लावावा, म्हणजे आसपासची वीज तो ओढून घेतो.

राहिला प्रश्न अख्ख्या दिवसाचा. ९ बाय ९ च्या आवाराभोवती ४० ब्लॉकचा वेढा लागतो, म्हणजे ३९ कुंपणे आणि एक फाटक. ४ फळ्या व २ काठ्यांतून ३ कुंपणे बनतात, फाटकाला २ फळ्या व ४ काठ्या लागतात, आणि २ फळ्यांच्या ४ काठ्या होतात. हा सारा हिशेब ७० फळ्यांचा, म्हणजे १८ ओंडक्यांचा होतो. ओकच्या साध्या झाडातून चार ते सहा ओंडके निघतात, तेव्हा चार-पाच झाडे पुरतात. परवा पुतणीने माझ्यासमोर झाडे तोडण्यापासून फाटक बसवण्यापर्यंतचे सगळे काम पुन्हा केले, आणि ते संपले तेव्हा खेळातला सूर्य अजून मावळला नव्हता.