पंधरा-सीटर व्हॅन आणि ट्रॅव्हल ट्रेलर: ‘सर्वांत लांब ती सर्वांत चांगली’ या सल्ल्यातल्या चुका

अमेरिकेत किंवा कॅनडात मोठ्या कुटुंबानं ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायचं मनावर घेतलं, की एक सल्ला हमखास मिळतो: ‘सरळ सर्वांत लांब पंधरा-सीटर व्हॅन घ्या. टो रेटिंग, म्हणजे ओढायच्या वजनाची मर्यादा, साडेनऊ हजार पौंड, ट्रेलर साडेसहा हजारांचा, म्हणजे तीन हजार पौंड हाताशी उरतात. इंजिन पिकअपचंच आहे. गाडी जितकी लांब तितकी स्थिर. ट्रेलरच्या वजनानं मागून दबली तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे वजन वाटून देणारा जोड, लावायचा, मग चिंता नाही.’

आठ माणसं पिकअपमध्ये मावत नाहीत आणि शिडीसारख्या फ्रेमवर बांधलेली वन-टन (जड वर्गातली) व्हॅन ट्रेलर ओढायला उत्तम, एवढं यात खरं आहे. बाकीचा प्रत्येक मुद्दा तपासून घ्यावा असा आहे, आणि काही थेट धोक्याचे आहेत.

‘टो रेटिंगमधून ट्रेलरचं वजन वजा करा’

इथे दोन्ही आकडे चुकीचे धरले आहेत. माहितीपत्रकातलं साडेसहा हजार हे ट्रेलरचं कोरं वजन. त्यात गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि पाणी चढतं. ४० गॅलन पाण्याचंच वजन सुमारे ३३० पौंड होतं. प्रत्यक्ष निघताना हा ट्रेलर ७,५०० पौंडांचा धरा.

टो रेटिंगचंही तसंच आहे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे २८०७ या मानकानुसार ते काढताना गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच धरतात. तुमच्या गाडीत आठ जण असतील. म्हणून हिशोब जीसीडब्ल्यूआरपासून, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनमर्यादेपासून सुरू करा. समजा ती १६,००० पौंड आहे. रिकामी व्हॅन ६,३००, माणसं १,१००, गाडीतलं सामान ५००, हिच १००. उरले ८,०००. त्यातून ७,५०० चा ट्रेलर गेला की हाताशी राहतात ५०० पौंड, तीन हजार नव्हेत.

मग गाडीची स्वतःची मर्यादा, जीव्हीडब्ल्यूआर. ती ९,६०० धरू. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, येतो, त्याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरला तर ९७५ पौंड. आठ माणसांसह व्हॅन ८,९७५ पर्यंत पोहोचते, म्हणजे चालेल. मात्र पंधराही सीट भरल्या तर ती ९,६०० च्या वर जाते. पंधरा सीट आणि साडेसात हजारांचा ट्रेलर या दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या नसतात. सीट आहेत म्हणून माणसं भरायची, ही सवय ट्रेलर जोडल्यावर सोडावी लागते.

‘जितकी लांब तितकी स्थिर’

सर्वांत घातक वाक्य हेच. स्थिरता गाडीच्या एकूण लांबीतून येत नाही. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस किती, आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे बॉल किती लांब आहे, यावर ती ठरते.

फोर्ड ई-३५० नेमकी इथे पाहण्यासारखी आहे. साध्या आणि एक्स्टेंडेड दोन्ही बॉडींचा व्हीलबेस १३८ इंच. वाढवलेले २० इंच सगळे मागच्या चाकांच्या मागे लटकतात. शेवरोले एक्सप्रेसमध्येही बॉडी २० इंचांनी वाढते, पण तिथे व्हीलबेसच १३५ वरून १५५ इंच होतो. बाहेरून दोन्ही लांबलचक पांढऱ्या व्हॅन; ट्रेलर जोडल्यावर वागणूक मात्र वेगळी.

आकड्यांत पाहू. बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून ५८ इंचांवर आणि व्हीलबेस १३८ असेल, तर ९७५ पौंडांचं टंग वेट पुढच्या अ‍ॅक्सलवरून सुमारे ४१० पौंड उचलतं आणि मागच्यावर १,३८५ टाकतं. तेच अंतर ७८ इंच झालं की पुढचे ५५० पौंड हलके होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर सव्वापंधराशे येतात. ५८ इंच आणि १५५ चा व्हीलबेस असेल तर पुढून फक्त ३६५ पौंड उचलले जातात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं. शिवाय मागचा लांब भाग तरफेसारखा असतो: ट्रेलर डोलला की तो व्हॅनचं शेपूट तितक्याच जोरानं ढकलतो.

फोर्ड ट्रान्झिटच्या सर्वांत लांब बॉडीतही हेच. लांबी २३५.५ वरून २६३.९ इंच होते, व्हीलबेस १४७.६ चाच राहतो. व्हॅन बघायला जाताना टेप घेऊन जा. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून बॉलच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि व्हीलबेसनं भागा. उत्तर ०.४ च्या आसपास असेल तर ठीक, ०.५ च्या वर गेलं तर जड ट्रेलरसाठी दुसरी व्हॅन शोधा.

ट्रेलर नसतानाही हा मुद्दा लागू आहे. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्तासुरक्षा संस्थेनं २००१ मध्येच इशारा दिला होता: दहा किंवा जास्त माणसं बसली की पंधरा-सीटर व्हॅन उलटण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. शेवटची सीट अ‍ॅक्सलच्या मागे असते, हे एक मोठं कारण. म्हणून ती सीट काढून घरी ठेवा. मोकळ्या जागेत कपडे, उशा असं हलकंच सामान भरा. जड पेट्या अ‍ॅक्सलच्या पुढे. टपावर काहीही नको. जुनी व्हॅन घेत असाल तर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे याची खात्री करा.

‘इंजिन पिकअपचंच आहे’

इंजिन तेच असलं तरी ते व्हॅनमध्ये अर्धं केबिनखाली दाबून बसवलेलं असतं. तिथे हवा कमी खेळते आणि उष्णता अडकते. ट्रान्समिशन ऑइल कूलर आहे का आणि अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणारा दांडा किती फिरतो ते) ३.४२ आहे की ३.७३, हे विचारा. त्याच इंजिनाचं टो रेटिंग या गोष्टींनी बदलतं. टायरवाल्यानं सगळ्या चाकांत सारखी हवा भरू नये. दारावरचा स्टिकर बघा. अशा व्हॅनना बहुधा मागे ८० पीएसआय लागतात आणि पुढे बरेच कमी.

‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला की प्रश्न मिटला’

हा हिच लावायलाच हवा, पण तो वजन नाहीसं करत नाही. मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतो, इतकंच. जीव्हीडब्ल्यूआर, रिसीव्हरची (हिच ज्यात बसतो त्या गाडीखालच्या चौकोनी नळीची) मर्यादा, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा, यातली एकही त्यानं वाढत नाही. रिसीव्हरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, या हिचशिवाय आणि या हिचसह. लहान आकडा वाचायचा राहून गेला तर फ्रेमला तडे जाऊ शकतात.

या हिचचे बार (वजन सरकवणाऱ्या स्प्रिंगसारख्या दांड्या) बसवताना पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजा: ट्रेलर नसताना, ट्रेलर जोडून बार न लावता, आणि बार लावून. पुढचा भाग जितका उचलला गेला त्याच्या निम्मा तरी खाली यायला हवा. नेमकं किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. पुढचा भाग मूळ उंचीच्याही खाली जाईपर्यंत बार ताणले तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर व्हॅन फिरते.

शेवटी वजनकाटा. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. पूर्ण भरलेल्या गाडीनं, सगळी माणसं आत बसवून, तीन वजनं करा: बार लावून, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला लावून फक्त व्हॅनचं. दुसऱ्या वजनातल्या व्हॅनच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेतून तिसऱ्यातली बेरीज वजा केली की खरं टंग वेट कळतं. पहिल्या वजनातला मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेपेक्षा जास्त आला, तर आधी अ‍ॅक्सलमागचं सामान व्हॅनमधून काढून ट्रेलरमध्ये, त्याच्या चाकांच्या वरच्या जागेत ठेवा. तरीही बसत नसेल तर ट्रेलर छोटा घ्या.