फिजिक्स पक्कं असलं की ट्रेडिंग जमतं का?

परवा गंगापूर रोडवर चहा घेताना जुना विद्यार्थी भेटला, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, म्हणाला सर नोकरी कशाला शोधू, मॅथ्स आपलं पक्कं आहे, ऑप्शन्सच करतो, म्हणजे शेअर ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्कांचे सौदे. वडिलांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यातलेच पैसे लावतोय. तेव्हा नीट बोलणं झालं नाही म्हणून इथे त्यालाच लिहितोय.

गणिताचं आणि बाजाराचं नातं जुनंच आहे. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशलिए यांनी प्रबंधात भावांचं हलणं रँडम वॉकसारखं, म्हणजे दर पावलाला दिशा नशिबावर अशा चालीसारखं मांडलं, आइन्स्टाइनचा ब्राउनियन मोशनवरचा (द्रवातल्या कणांच्या अशाच वेड्यावाकड्या हालचालीवरचा) पेपर त्यानंतर पाच वर्षांनी आला! आणि ऑप्शनची किंमत काढणारं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण, त्यात व्हेरिएबल बदलले की सळईतल्या उष्णतेसाठी आपण सोडवतो तेच हीट इक्वेशन निघतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर वहीत करून बघत बसलो होतो, इतकं सुंदर आहे ते.

पण त्यात काय नाही तेही बघ. शेअर वर जाणार की खाली, हे त्यात कुठेच नाही. अपेक्षित परताव्याचा तो म्यू गणित करताना उडून जातो, उरते फक्त व्होलॅटिलिटी, भाव किती हलतो त्याचं माप. म्हणजे लासलगावला कांदा साधारण किती वरखाली होतो याचा हिशोब मांडता येईल, पण सोमवारच्या लिलावात काय भाव निघेल ते त्या हिशोबातून कळत नाही.

आणि हा हिशोबही फसतो. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा शेअर निर्देशांक डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला, या हिशोबात धरलेला बेल कर्व्ह (मोठे चढउतार अतिदुर्मिळ मानणारा घंटेच्या आकाराचा आलेख) खरा मानला तर विश्वाच्या अख्ख्या वयात असा दिवस यायला नको. याच ऑप्शनच्या गणितासाठी मर्टन आणि शोल्स यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि ते ज्या फंडात भागीदार होते तो अमेरिकेतला एलटीसीएम पुढच्याच वर्षी बुडाला, कारण स्वतःच्या एका डॉलरमागे पंचवीसेक डॉलर उधारीचे होते.

तू म्हणशील, मग गणिताच्या जोरावर ट्रेडिंगमध्ये अफाट कमावणारे जिम सायमन्स? ते मोठे गणितज्ञ होतेच, पण त्यांच्याकडे पीएचडी झालेल्यांची फौज होती, वर्षानुवर्षांचा साफ केलेला डेटा होता, आणि छोटासा फायदा असंख्य सौद्यांवर मिळवायचा अशी पद्धत होती. मोबाइलवर एकट्याने ते होत नाही रे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यांना कॅल्क्युलस येत नव्हतं म्हणून हे झालं असं मला अजिबात वाटत नाही. दहापैकी सात वेळा हजार हजार मिळाले आणि तीन वेळा तीन तीन हजार गेले तर सात वेळा बरोबर येऊनही दोन हजारांचा खड्डा, हे शाळेतलं गणित आहे आणि तेच कुणी करत नाही.

रविवारी घरी ये. मागच्या सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या) आण, ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यांवरचा कर) सगळं धरून बेरीज करू, आणि जमलं तर वडिलांनाही घेऊन ये.