तरणा घोडा प्रथमच शिकारीस नेणाऱ्यांस काही नम्र सूचना

इंग्लंडात येऊन आपणास बरीच वर्षे झाली. घर झाले, बागेत कढीपत्ता जगला, मुले विद्यापीठात गेली. तेव्हा आता घोडा घेणे क्रमप्राप्तच होते. घोडा चार वर्षांचा, देखणा आणि विकणाऱ्याने शपथेवर सांगितल्याप्रमाणे गाईसारखा गरीब आहे. हंगामाचा मानाचा पहिला मेळावा नोव्हेंबरच्या आरंभी भरेल. त्याआधीच्या या शरदातल्या सकाळी नव्या कुत्र्यांना आणि नव्या घोड्यांना वळण लावण्यासाठी असतात, हेही आपल्या कानावर आले आहे. आता आपल्या घोड्याचे पहिले पाऊल कसे पडावे, यासंबंधी गेल्या शनिवारी मला जे ज्ञान मोफत प्राप्त झाले, ते आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रारंभी एक शंका दूर करतो. २००४ चा कायदा फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला आणि इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली. आता कोणीतरी वास लावलेले फडके रानातून आधी ओढत न्यायचे, कुत्र्यांनी त्याचा माग काढायचा आणि आपण मागून घोडे दामटायचे, असे निदान कागदोपत्री तरी ठरले आहे. (ज्याला आपण घाईत कोल्हा म्हणतो, तो येथील प्राणी खरे तर आपल्या खोकडाचा भाऊबंद आहे. साहेब उटीला गेला तेव्हा त्याला तेथे अस्सल कोल्हा भेटला आणि त्याने त्याच्यामागेही कुत्री सोडून आपली हौस भागवली.) कायद्याने सुटका झाली ती खोकडाची; नवशिक्या मालकाच्या तावडीतून घोड्याला सोडवणारे कलम त्यात कोठेही नाही, त्यामुळे आपण निश्चिंत असावे.

पूर्वतयारी मुळीच करू नये. जुनी खोडे सांगतात की उन्हाळ्यात कुत्र्यांना व्यायामासाठी रस्त्याने फिरवतात, तेव्हा तरण्या घोड्याला बरोबर न्यावे, म्हणजे पायांत घोटाळणाऱ्या कुत्र्यांची त्याला सवय होते. आधी दोन, मग चार, मग दहा घोड्यांच्या सोबतीने त्याला दुडक्या चालीने हिंडवावे. इतर घोडे पुढे निघून जात असताना जागेवर उभे राहायला शिकवावे. या साऱ्याला महिने लागतात, आणि उन्हाळ्यात आपणास भारतात जायचे असते. भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पाने का सडली, या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे एकच उत्तर आहे, परंतु ते कोडे शाळेत घातले जाते आणि आपली शाळा कधीच संपली आहे.

आठवडाभर घोडा तबेल्यात बांधून ठेवावा आणि शुक्रवारी रात्री त्याची चंदी दुप्पट करावी.

सोबतीला एखादा वयस्क, शांत घोडा घेऊ नये, कारण त्याच्याकडे पाहून आपला घोडा शहाणा होण्याचा धोका असतो.

पोशाखावर मात्र काटकसर नको. शरदातल्या या सकाळींना ट्वीडचा कोट चालतो आणि काळा कोट नोव्हेंबरपासून घालायचा असतो, एवढा बारकावा आपण पाठ केलेला असेलच. गेल्या शनिवारी भेटलेल्या गृहस्थांनी तर कोटाच्या गुंड्यांविषयी माझ्याशी दहा मिनिटे चर्चा केली. त्या दहा मिनिटांत त्यांचा घोडा घामाने निथळत होता, कान मागे पाडून दर नव्या आवाजाला बुजत होता आणि गोल गोल फिरत होता, याकडे त्यांचे लक्ष गेले नाही, कारण गुंड्या घोड्याला नव्हत्या.

आता फितीविषयी. येथे शेपटीला हिरवी फीत बांधली, तर घोडा नवा आहे असे समजावे आणि तांबडी बांधली, तर तो लाथा मारतो असे समजावे, असा संकेत आहे. तांबडी फीतवाल्याने घोळक्याच्या मागे राहावे, हिरव्या फीतवाल्याला इतरांनी जागा द्यावी. फितीला खर्च फार तर एका कॉफीइतका. ती बांधायला अक्षरओळख लागत नाही, मांड पक्की असावी लागत नाही, दहा बोटे पुरतात. परंतु हिरव्या फितीमुळे फोटोत घोडा 'शिकाऊ' दिसतो, असे त्या गृहस्थांनी मला नंतर समजावून सांगितले. नंतर म्हणजे, एका अरुंद फाटकाशी आम्ही सारे रांगेत थांबलो असता, पलीकडच्या रानात कुत्र्यांनी एकदम गळा काढल्यावर त्यांचा घोडा आधी मागच्या पायांवर उभा राहिला, मग मागे मागे सरकत माझ्या सतरा वर्षांच्या घोडीच्या छातीशी आला आणि त्याने दुगाण्या झाडल्या, त्यानंतर. त्या क्षणी आपल्या स्वाराचे दोन्ही हात लगामावर नव्हते; एका हातात फोन होता. चाळीस घोड्यांच्या त्या घोळक्यात मराठी स्वार आम्ही दोघेच होतो आणि लाथ घालायला त्यांच्या घोड्याला माझीच घोडी सापडली, या योगायोगाचे मला मुळीच नवल वाटत नाही.

हिरवी फीत दिसली असती, तर मी दोन घोड्यांचे अंतर सोडले असते. एवढेच. एका हिरव्या चिंधीचा प्रश्न होता.

घोडा बिथरला की सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात 'अजून लहान आहे हो!' म्हणावे. हे अगदी खरे आहे. चार वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दातही पुरते पडलेले नसतात आणि त्याच्या पाठीचा कणा पक्का व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणूनच त्याला जेमतेम तास-दीड तास हिंडवून, तो शांत आहे तोवर, घरी न्यायचे असते. निघताना सकाळचे दहा वाजले असले तरी मास्टरला, म्हणजे शिकारीच्या म्होरक्याला, 'गुड नाइट' म्हणण्याची येथे रीत आहे. आपण असला भित्रेपणा करू नये. पैसे दिवसभराचे भरले आहेत, तेव्हा दिवसभर थांबावे, जमेल तेथे मास्टरच्याही पुढे जावे आणि घोड्याला शिकारीची गोडी लागली की दहशत बसली, हे घरी जाऊन फोटोंवरून ठरवावे.

कुत्र्यांची तेवढी काळजी घ्यावी. ती जवळून जाताना घोड्याचे तोंड त्यांच्याकडे करायचे असते, पुठ्ठा नव्हे, कारण कुत्र्याला लाथ बसणे हा मैदानातला सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो. ती लाथ कुत्र्याला बसली असती, तर तुम्हाला तेथूनच घरी पाठवले असते. घोडीला बसली, म्हणून 'सॉरी'वर भागले.

आणि आता आपण-बिपण पुरे झाले. तुमचा घोडा वाईट नाही. मी त्याला नीट पाहिले. डोळा चांगला आहे, भ्यालेला आहे इतकेच. त्याने जे केले ते कोणत्याही भ्यालेल्या घोड्याने केले असते. ज्याला चौघांत नीट उभे राहायला कोणी शिकवले नाही, त्याला तुम्ही चाळिसांच्या गर्दीत नेऊन उभा केलात, दुसऱ्याच्या घोडीच्या तोंडासमोर, आणि हातात लगामाऐवजी फोन धरलात. पाचशे किलोचे जनावर आहे ते. माझा पाय चार बोटांनी वाचला. घोडीला पुढच्या पायावर, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, सात टाके पडले आहेत. हाडाला केसासारखी चीर गेली असेल, तर ती पहिल्या एक्स-रेत दिसतेच असे नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा काढायचा आहे. आणि चीर असलीच, तर बसून उठताना हाड दुभंगू शकते, म्हणून डॉक्टरांनी तिला बसूच द्यायचे नाही असे सांगितले आहे. दोन्ही बाजूंनी बांधून ठेवलेली आहे. आज सहावा दिवस, ती उभीच आहे.

माझा नंबर तुम्ही त्या दिवशी स्वतःच्या फोनमध्ये घेतला होता. तो हातात होताच. घोडी कशी आहे, एवढे विचारायलाही तुमचा फोन आलेला नाही. फोटो मात्र काल तुम्ही टाकलेत, आणि त्यांतल्या तिसऱ्या फोटोत मागे उभी आहे ती माझी घोडी आहे.